बर्फाखालच्या पाण्यापर्यंत

कोल्फिन्ना आमच्या खोऱ्यात आली ती लग्न होऊन. तिचं माहेर उत्तरेच्या किनाऱ्यावर, मासेमारीच्या गावात. बाप बोटीवर, आई मासे कापायच्या कारखान्यात, आणि मुलगी शिकून आली नळकाम. हातात पाना आणि कपाळावर वेल्डिंगचा चष्मा घेऊन घरोघर फिरणारी बाई आम्ही त्याआधी पाहिली नव्हती. "ओर्मुर बायको आणायला गेला होता की पंप?" असं आमचे म्हातारे विचारायचे. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "पंप आणला असता तर बरं झालं असतं. त्याला बंद करायची कळ तरी असते."

मग तिच्या वाटेला कुणी गेलं नाही. त्याच हिवाळ्यात शाळेची गरम पाण्याची नळी फुटली, तेव्हा बाईने बर्फात पोटावर झोपून ती जोडली आणि उठून कपडे झटकत विचारलं, "मुलांना सुट्टी हवी होती का? मग आधी सांगायचं ना." तेव्हापासून ती आमची झाली.

ओर्मुरचं शेत म्हणजे स्वार्तागिल, हिमनदीच्या आधीचं शेवटचं घर. माझं घर नदीच्या अलीकडे. ओर्मुर आणि मी एका बाकावर शिकलो, एकाच घोड्यावरून पडलो. तो माणसांशी कमी बोलायचा, मेंढ्यांशी जास्त. घरात बोलायचं काम त्याच्या आईने, थुरिदुरने, स्वतःकडे घेतलं होतं. म्हातारी तिथेच जन्मली, तिथेच विधवा झाली. कोल्फिन्ना आली तेव्हा घरात बायका दोन झाल्या आणि कॉफीची किटली एकच.

"ही कॉफी म्हणायची की कप विसळलेलं पाणी?" थुरिदुर विचारायची.

"तू करतेस त्यात चमचा उभा राहतो, थुरिदुर. ते डांबर छपराला लावायचं असतं."

"छप्पर गळत नाही माझं."

"पोट गळेल."

ओर्मुर दोघींच्या मधे बसून दोन्हीकडची कॉफी प्यायचा. त्याने बाजू कधी घेतली नाही. मी जायचो तेव्हा मलाही दोन कप प्यावे लागायचे.

आमच्या हिमनदीच्या पोटात एक तळं आहे. खाली जमिनीत आग, वर जाडजूड बर्फ. आग बर्फाला खालून वितळवते आणि पाणी आतल्या आत साठत जातं. वरून पाहिलं तर नुसता पांढरा खोलगट भाग, मोठ्या बशीसारखा. तळं भरलं की ते बर्फाचं ओझं उचलून खालून निसटतं आणि आमच्या नदीत उतरतं. नदी काळी होते, कुजलेल्या अंड्यांचा वास सुटतो, दोन-चार दिवस कुंपणं वाहून जातात, मग सगळं ओसरतं. आजोबा-पणजोबांपासून आम्ही हे पाहत आलो. त्याची भीती अशी कुणाला नव्हती. थंडीची असते तेवढीच.

सप्टेंबरात आम्ही उन्हाळाभर डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या खाली आणतो. सगळं खोरं घोड्यावर असतं. त्या वर्षी वरच्या झोपडीत आमचा मुक्काम होता. सकाळी वास आला होता, पण वाऱ्यावर थोडासा वास आमच्याकडे कायमच असतो. नदीचं पाणी अजून चढलं नव्हतं. ओर्मुरच्या पाच-सहा मेंढ्या हिमनदीच्या तोंडाशी, जिथून नदी बाहेर पडते त्या खळग्याकडे गेलेल्या दिसल्या. "मी घेऊन येतो," एवढंच तो म्हणाला, आणि कुत्र्याला घेऊन निघाला.

दुपार झाली तरी तो येईना, तेव्हा मी मागोमाग गेलो. खळग्याच्या काठावर घोडा अडला. टाच मारली तरी पाऊल टाकेना. खाली पाहिलं तर मेंढ्या आडव्या झालेल्या. त्यांच्याजवळ कुत्रा. आणि थोडं पलीकडे ओर्मुर, कुशीवर, डोक्याखाली हात घेऊन, जसा तो गवत कापून झाल्यावर निजायचा तसा.

मी उतरून चार पावलं खाली गेलो. वास असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि मग एकदम थांबला. मी बचाव पथकात होतो, हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं होतं. वास येतोय तोवर माणूस वाचू शकतो. वास थांबला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही, त्या वायूने तुमचं नाक मारलं. तळ्याचं पाणी निसटायला लागलं होतं आणि पाण्याच्या आधी त्याचा वायू येऊन खळग्यात भरून राहिला होता. मी मागे फिरलो आणि बिनतारी यंत्रावरून खाली कळवलं. वायूपासून वाचवणारे मुखवटे येईपर्यंत कुणालाही खाली जाता येत नव्हतं.

कोल्फिन्ना मुखवट्यांच्या आधी पोचली. कामाच्या कपड्यांतच होती, गुडघ्यांना गंज लागलेला.

"कुठे आहे?"

मी दाखवला.

"मग आणत का नाही?"

"खाली विष आहे. मुखवटे निघालेत. वारा फिरला तर त्याआधीही जाता येईल."

"बरं," ती म्हणाली आणि दगडावर बसली. मग माझ्या खोगिराला लटकवलेला कॉफीचा थर्मास तिने काढला, झाकणात कॉफी ओतली आणि माझ्यापुढे धरली. "घे. थंड होईल." तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

मुखवटे आल्यावर त्याला वर आणलं तेव्हा तिने त्याच्या केसांतली वाळू झटकली आणि जाकिटाचं सुटलेलं बटण लावलं. माणसं निघायला लागली तेव्हा म्हणाली, "कुत्र्यालाही आणा." मी पुन्हा खाली गेलो आणि कुत्रा आणला. सांजेला नदी काळी झाली आणि पूर आला. नेहमीच्या मानाने लहानच होता.

अंत्यविधीच्या दिवशी चर्चमधला रेडिएटर ठोकल्यासारखा आवाज करायला लागला. पाद्रीबुवा प्रार्थना म्हणताहेत आणि मधे ठण, ठण. कोल्फिन्ना पहिल्या बाकावरून उठली, काळ्या कपड्यांतच खाली वाकली, खिशातली किल्ली काढून त्यातली हवा सोडली आणि परत येऊन बसली. पुढची प्रार्थना शांततेत झाली. पण खोरं हे विसरलं नाही.

नंतर सभागृहात कॉफी होती. थुरिदुर स्वतः घावनं करायला उभी राहिली होती. कुणालाही चुलीजवळ येऊ देईना. रडून रडून म्हातारीला समोरचं दिसत नव्हतं, आणि साखरेच्या जागी तिने मीठ घातलं. एकेकाने तोंडात घास घेतला, डोळे मिटले आणि गिळला. कोल्फिन्नाने दोन खाल्ली.

"चव कळत नाही का गं तुला?" थुरिदुरने सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही कळत."

"नाटकं करतेस?"

"नाही, थुरिदुर."

म्हातारी ताट उचलून आत गेली.

त्या हिवाळ्यात कोल्फिन्ना रोज कामाला गेली. मेंढ्या पाहिल्या, चारा टाकला, लोकांच्या नळ्या दुरुस्त केल्या. माझ्याकडे बॉयलर पाहायला आली तेव्हा तापलेल्या नळीवर तिचा पंजा टेकलेला होता. मी ओरडलो तेव्हा तिने हात उचलून पाहिला. तळवा लाल झाला होता. "अरे हो," म्हणाली आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायला लागली. ती रडताना कुणाला दिसली नाही. ती रडतच नव्हती, हे आम्हाला थुरिदुरमुळे कळत होतं, कारण म्हातारी दुकानात, चर्चमध्ये, टेलिफोनवर तेच सांगायची. "दगड आहे. माझा मुलगा दगडाशी लग्न करून मेला."

दुकानात एकदा दुसऱ्या कुणी बाईने तिची री ओढली, "खरंच गं, दगडच आहे ती." तेव्हा थुरिदुरने पिशवी खाली ठेवली. "माझ्या घरातला दगड आहे तो. तू तुझ्या घरातला बघ."

वसंत लागायच्या सुमाराला ह्याल्ती नावाचा भूगर्भाचा अभ्यासक राजधानीहून आला. उंच, वाकलेला, सतत टोपी हरवणारा माणूस. त्याने सभागृहात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की त्यांना बर्फाला आरपार भोक पाडून तळ्यापर्यंत जायचं आहे. तळ्याचं पाणी आणायचं, आत काय आहे पाहायचं, आणि तळाशी एक यंत्र सोडून यायचं, पाण्याचा दाब मोजणारं. पाणी निसटायला लागलं की ते कळवेल.

"तळ्यात मासे आहेत का?" मागून कुणीतरी विचारलं.

"असले तर उकडलेले असतील," दुसरा म्हणाला. लोक हसले.

ह्याल्तीही हसला. मग म्हणाला, "हे यंत्र गेल्या वर्षी असतं तर—" आणि थांबला, कारण त्याला कोल्फिन्ना दिसली.

"भोक कसं पाडता?" तिने विचारलं.

"गरम पाण्याने. बर्फ वितळवून पाणी करायचं, तापवायचं, दाबाने नळीतून सोडायचं. नळीच्या तोंडाला जड पितळी नळकांडं असतं, त्यातून धार लागते आणि ते आपल्या वजनाने खाली जात राहतं." तो कान खाजवत म्हणाला, "आमचा बॉयलरवाला मात्र घोड्यावरून पडलाय. मांडीचं हाड मोडलं."

पुढे त्याने काही विचारलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नसावी. कोल्फिन्नानेही काही म्हटलं नाही. घरी गेल्यावर थुरिदुरनेच विषय काढला. हे मला नंतर कोल्फिन्नाने सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तू जाणार आहेस."

"मी कुठे म्हटलं?"

"मी म्हणतेय. माझे गुडघे असते तर मीच गेले असते. त्या तळ्याने माझा मुलगा नेला. निदान त्याचं तोंड तरी कुणीतरी पाहून ये. मला सांग येऊन."

"काय सांगू?"

"काय असेल ते."

मे अखेरीला आम्ही वर गेलो. मोठ्या टायरांची गाडी मी चालवत होतो. पथकातून मला त्यासाठीच घेतलं होतं. सामान तीन खेपांत पोचलं: बॉयलर, पंप, जनित्र, चाकावर गुंडाळलेली जाड रबरी नळी, तंबू. त्या दिवसांत अंधार असा पडतच नाही. सगळं पांढरं आणि वर पांढरं आभाळ, माणूस कुठे संपतो ते कळत नाही. खोलगट भागाच्या मधोमध आम्ही तळ ठोकला. पायाखाली बर्फ, त्याच्याखाली तळं. मी पहिल्या दिवशी हळू पावलं टाकत होतो, जसं काही माझ्याच वजनाने ते मोडणार होतं.

"ग्रीमुर, तू असा का चालतोयस?" कोल्फिन्नाने विचारलं. "मेंढी व्यायलीय का तुझ्या पँटीत?"

सगळे हसले. मला वाटलं, पूर्वीची कोल्फिन्ना आली माघारी. पण ते तिच्या तोंडाला वळण होतं म्हणून आलं होतं. डोळे बॉयलरवर होते.

काम तिने पटकन उचललं. ह्याल्तीला पाण्याची एक काळजी फार होती: आपण वरून जे पाणी सोडतो त्यातून आपली घाण तळ्यात जाता कामा नये. म्हणून बर्फाचं पाणी आधी गाळायचं, मग जंतू मारणाऱ्या दिव्याच्या किरणांखालून न्यायचं, मग तापवायचं. तो शिकवायचा आणि ती ऐकायची. कुठे चुकली तर तो सांगायचा, ती पुन्हा करायची. जेवायला सुका मासा आणि लोणी, मटणाचं सूप, डब्यातलं दह्यासारखं घट्ट स्कीर. ती पुढे येईल ते खायची आणि पुढे येईल तेवढं खायची. जास्त वाढलं तरी संपवायची. शेवटी स्वयंपाक करणाऱ्याने बिचाऱ्याने स्वतःच अंदाज घेऊन वाढायला सुरुवात केली.

भोक ताटाएवढं रुंद. त्यातून वाफ यायची आणि नळी इंचाइंचाने खाली जायची. निम्म्याच्या पुढे गेल्यावर वादळ आलं.

वादळात थांबता येत नव्हतं. पाणी थांबलं की भोक आतून गोठून आवळत येतं आणि नळी कायमची अडकते. ह्याल्तीने पाळ्या लावल्या. पण बॉयलरच्या झडपेशी बर्फ साचून ती सारखी अडत होती आणि ती कशी मोकळी करायची ते कोल्फिन्नाच्या हाताला बसलं होतं, म्हणून पाळी संपली तरी ती उठेना. मी दोरीला धरून धरून तिच्यापर्यंत गेलो तेव्हा ती आडोशाला बसलेली होती, एक हात झडपेवर, हातमोजा भिजून लाकडासारखा झालेला.

"चल, माझी पाळी आहे."

"तू जा झोप. मला झोप नाही आलेली."

"हात दाखव."

तिने दाखवला नाही. मीच मोजा ओढून काढला. दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी झाली होती. मी ती चोळायला गेलो आणि मग आठवलं की चोळायची नसतात, म्हणून माझ्या काखेत धरली.

"दुखतंय?"

"नाही."

"कधीपासून?"

ती वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या पापण्यांवर बर्फ होता. "आठवत नाही रे," ती म्हणाली. "ग्रीमुर, खरं सांगू का? मला वाटलं होतं इथे वर आल्यावर राग तरी येईल. खाली आहे ते, माहीत आहे. त्याच्या डोक्यावर बसलेय मी. पण काहीच येत नाही. नळी दिसते, काटा दिसतो, बाकी काही नाही."

"सूप आहे तंबूत," मी म्हटलं.

"ते पिते," ती म्हणाली आणि उठली.

वादळ सरलं, भोक वाचलं. दोन बोटांची टोकं मात्र गेली. नंतर जिल्ह्याच्या दवाखान्यात ती काढली.

तळ्यापर्यंत पोचलो ती दुपारची वेळ होती. एकदम नळीचं वजन हलकं झालं, चाक सैल फिरलं आणि भोकातलं पाणी गुडगुडत खाली गेलं, मोरीचं बूच काढल्यासारखं. ह्याल्ती ओरडला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणीतरी कोल्फिन्नालाही मारली. ती एका हाताने त्याची पाठ थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने आग कमी करत होती.

मग तळ्यातलं पाणी भरून आणायची बाटली खाली सोडली. ती वर यायला लागली तसा वास सुटला. आम्ही सगळे मागे सरलो, नाक धरून. कोल्फिन्ना भोकाच्या काठावर गुडघे टेकून आत वाकून बघत होती. तिच्या जाकिटाला लावलेलं, विषारी वायू ओळखणारं यंत्र किंचाळायला लागलं. ह्याल्तीने धावत जाऊन तिला दोन्ही काखांत धरून मागे ओढलं, इतक्या जोरात की दोघंही पाठीवर पडले.

"मरायचंय का तुला?" तो किंचाळला. "वास येत नव्हता?"

"नाही."

"नाही? म्हणजे नाक गेलं तुझं! किती वेळ वाकली होतीस? डोकं दुखतंय का? माझी बोटं मोज!"

"आज नाही गेलं," ती शांतपणे म्हणाली. "गेल्या सप्टेंबरपासून मला कसलाच वास येत नाही."

ह्याल्ती बर्फावर तसाच बसून राहिला. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि अशा माणसाला भोकाजवळ ठेवणं म्हणजे खून. त्याने तिला त्या दिवसापुरतं बॉयलरपाशीच राहायला लावलं. ती वाद घालायला गेली नाही.

पाणी गढूळ होतं, ताकासारखं. तंबूत ह्याल्तीने त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि सगळ्यांना पाळीपाळीने दाखवला. बारीक बारीक ठिपके. तो सांगत होता, की आत उजेड नाही, आपल्यासारखी हवा नाही, खायला त्या वायूतलं गंधक, तरी हे तिथे जगतात. किती पिढ्या झाल्या असतील कुणास ठाऊक.

कोल्फिन्ना बराच वेळ डोळा लावून बसली. "थंडी वाजते का त्यांना?"

"नाही. त्यांना काही वाजायला असं काही नसतंच."

"तरी जगतात."

"तरी जगतात," ह्याल्ती म्हणाला. "हळू. पण जगतात."

तिने डोळा काढला आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी यंत्र तळाशी सोडलं, तिने तार सरळ धरली, आणि आम्ही खाली उतरलो.

स्वार्तागिलला मी तिला सोडायला गेलो तेव्हा थुरिदुर दारात उभी होती. आधी तिने हाताला बांधलेलं फडकं पाहिलं. "हे काय करून आलीस?"

"गारठलं."

"हातमोजे दिले होते मी. लोकरीचे. घातले नसशील."

"भिजले."

"बस. कॉफी ठेवलीय." कॉफी डांबरासारखीच होती. कोल्फिन्ना काही न बोलता प्यायली. म्हातारीने टेबलावर दोन्ही हात ठेवले. "हं. सांग."

"काय सांगू, थुरिदुर? पाणी होतं. गढूळ."

"पाणी?"

"पाणीच."

"एवढंच?" म्हातारीचा आवाज चढला. "एवढ्या उंचावर गेलीस, बोटं घालवून आलीस, आणि मला सांगतेस पाणी?"

कोल्फिन्नाने खिशातून एक लहानशी बंद बाटली काढून टेबलावर ठेवली. ह्याल्तीने उरलेल्यातलं थोडं तिला दिलं होतं. थुरिदुरने चष्मा लावला, बाटली खिडकीकडे धरली, हलवली. मग माझ्या तोंडून 'नको' निघायच्या आत तिने बूच काढून हुंगलं. तिचा चेहरा आक्रसला. डोळ्यांतून पाणी आलं, वासाने आलं की कशाने, सांगता येत नाही. ती उठली, भिंतीला धरत मोरीपाशी गेली, बाटली पालथी केली आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. किती तरी वेळ सोडून ठेवला. पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

कोल्फिन्ना तिच्याजवळ गेली. मला वाटलं मिठी मारेल. तिने नळ बंद केला, म्हातारीच्या हातातली बाटली घेतली आणि धुऊन पालथी ठेवली. मग तिथेच उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. थुरिदुरने तिला ढकललं नाही.

त्यानंतर एक वर्ष काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात आम्ही वर मेंढ्यांसाठी गेलो होतो. बिनतारी यंत्रावर ह्याल्तीचा आवाज आला: तळ्यातला दाब उतरतोय, पाणी निसटलंय, सगळ्यांना नदीपासून वर काढा, आत्ता. कोल्फिन्ना त्या वर्षी झोपडीवर स्वयंपाकाला होती. तिने त्याच यंत्रावर एकेकाला गाठून निरोप दिला. आवाज नेहमीचाच, चहा-कॉफीचं विचारल्यासारखा. "पूर येतोय. मेंढ्या असू देत. वर या."

एकेक जण येत गेला. शेवटी हाव्लिदी नावाचा एक तरुण राहिला, त्याच वर्षी लग्न झालेला. तो हिमनदीच्या तोंडाकडे गेला होता आणि त्याचं बिनतारी यंत्र बोलत नव्हतं. मी घोडा घेऊन निघालो तर कोल्फिन्नाने लगाम धरला. "तू नाही. मुखवटा घेतल्याशिवाय कुणी नाही." आणि ती कुंपणाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी मुखवटा शोधून खोगिराला बांधत होतो, इतक्यात चढावर हाव्लिदी दिसला, घोडा ओढत येणारा, शिव्या देत. त्याच्या यंत्राची बॅटरी संपली होती.

"कसली घाई आहे एवढी?" तो लांबूनच ओरडला. "तीन मेंढ्या सोडून आलोय मी!"

त्याने फाटक ओलांडलं आणि ती खाली बसली, चिखलातच. मी धावलो.

"काय झालं?"

"पाय गेले माझे," ती म्हणाली. तिलाच नवल वाटत होतं. "अचानक गेले. आधार दे जरा." मी हात दिला, पण तिच्याने उभं राहवेना. गुडघे थरथरत होते, दात वाजत होते, आणि चेहरा मात्र कोरा. हाव्लिदी समोर उभा राहून विचारत होता, मी काही वावगं बोललो का. शेवटी आम्ही दोघांनी तिला उचलून आत नेलं आणि घोंगड्यांत गुंडाळलं. तासाभराने उठून तिने सूप गरम केलं.

पूर मोठा आला. कुंपणं गेली, पायपूल गेला, हाव्लिदीच्या तीन मेंढ्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही. नंतर ज्याच्या त्याच्या मेंढ्या वेगळ्या करून घ्यायच्या दिवशी लोक तिच्याजवळ येऊन हात हातात घेत होते. हाव्लिदीच्या बायकोने केक आणला होता. कोल्फिन्ना "बरं, बरं" म्हणत होती आणि मेंढ्यांची शिंगं धरून धरून आपापल्या वाडग्यात ढकलत होती, आठ धड बोटांनी.

पुढच्या उन्हाळ्यात थुरिदुरने हट्ट धरला. मला ते ठिकाण दाखवा. गुडघे चालत नव्हते, डोळे अधू झाले होते, पण म्हातारी ऐकेना. ह्याल्ती यंत्राची तपासणी करायला येणार होता, म्हणून मी गाडी काढली. तिला पुढच्या जागेवर बसवलं, उशा लावल्या. कोल्फिन्ना मागे. वाटभर म्हातारी माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत होती.

वर पोचल्यावर तिला खुर्चीवर बसवून आम्ही खुर्ची खाली उतरवली. हवा निवांत होती. तिने सगळीकडे पाहिलं. पांढरं, पांढरं, आणि दूरवर ह्याल्तीचा निशाणीचा बांबू.

"हे होय?"

"हे," कोल्फिन्ना म्हणाली.

"इथे तर काहीच नाही."

"खाली आहे."

"खाली असेल. वर काही नाही." मग म्हणाली, "मला वाटलं होतं काळं असेल." थोड्या वेळाने, "मासा आणलाय का कुणी?"

मी सुका मासा आणि लोण्याचा डबा काढला. आम्ही तिघांनी खाल्लं. ह्याल्ती दूर त्याच्या बांबूपाशी टोपी शोधत होता. कोल्फिन्ना खुर्चीला टेकून बर्फावर बसली होती, उन्हात, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली, तोंड उघडं ठेवून. थुरिदुरने मला खूण केली, गप्प बस. स्वतःच्या गळ्यातला रुमाल सोडून तिने तो तिच्या मानेभोवती टाकला, पण अधू डोळ्यांमुळे निम्मा तोंडावर गेला. तिने चाचपून तो खाली ओढला.

"किती घोरते ही," म्हातारी हळूच म्हणाली. "ओर्मुरने कधी सांगितलं नाही."

ऊन होतं तोवर आम्ही तिला उठवलं नाही.